मस्टर आणि मोजमाप

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा खर्च दोन लाख रुपये झाला, असे सांगतात. इंग्रजांनी १८८३ साली नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले, तेव्हा गावात ऐकू येणारा हा आकडा त्यांनी टिपून ठेवला. बांधणारा कोण, तर राव गोविंद नावाचा गवळी राजा. इतिहासकार या दंतकथेमागे सेऊणदेशाच्या यादवांपैकी कोणीतरी पाहतात, कारण देवगिरीला जाण्याआधी यादवांची राजधानी सिन्नरलाच होती. मधले शिवालय आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे, असे हे भूमिज शैलीतले पंचायतन आजही जवळपास सबंध उभे आहे. पण पहिल्या वर्षी किती थर चढले, शिखराला हात घातला तेव्हा किती रक्कम उरली होती, ठरल्यापेक्षा पैसा जास्त लागला की कमी, यातले एक अक्षरही उरलेले नाही. खर्चाचा आकडा लोकांच्या तोंडी टिकला, कामाचा हिशेब गेला.

जुने दगडी देऊळ दिसले की महाराष्ट्रात आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, गवंडी नव्हता. तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. गोंदेश्वर त्याच्या काळाच्या आधीचा, त्यामुळे त्याच्यावर हिशेब हरवल्याचा ठपका ठेवता येत नाही. तरी दप्तराच्या प्रमुखाचे नाव दगडांना चिकटले आणि दप्तर मात्र गडप झाले, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

किती पैसा गेला, हे सांगणे सोपे असते. पावत्यांची बेरीज केली की झाले. त्या पैशात काम किती झाले, आणि आजच्या तारखेला ते किती व्हायला हवे होते, हे सांगायला कोणालातरी टेप घेऊन जागेवर जावे लागते. आज जगभरचे प्रकल्प-व्यवस्थापक या तीन आकड्यांच्या मांडणीला ‘अर्जित मूल्य’ पद्धत म्हणतात, तिच्या परीक्षा घेतात, प्रमाणपत्रे वाटतात. पैसा आणि काम वेगवेगळे मोजायची सवय मात्र सिन्नरसारख्या दुष्काळी तालुक्याला त्या परीक्षांच्या कितीतरी आधी लागली. ती लागली भुकेपोटी.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या दख्खनी जिल्ह्यांत सरकारने रस्ते, तलाव आणि खडी फोडण्याची कामे काढली. कामावर येईल त्याला मजुरी, असा साधा हिशेब राहिला असता तर प्रश्न नव्हता. पण सरकारला दोन भीती होत्या. एक, गरज नसलेलेही येतील. दुसरी, आलेले काम करणार नाहीत. १८७७ च्या सुरुवातीला भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराच्या रोजच्या धान्याचे माप एका पौंडावर आणायचा आग्रह धरला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांवर निवेदने धाडली. पुढे स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. टोळीने ठरलेले काम पुरे करायचे, ते मोजले जायचे आणि मोजमाप कमी भरले तर मजुरी कापायची, ही रीत त्या संहितांनी पक्की केली.

खडीच्या ढिगाची लांबी, रुंदी, उंची. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. दुष्काळी कामावरचा दिवस या सहा मापांत बसत असे. १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई सरकारने काम कमी भरलेल्या मजुराला दंडाची किमान मजुरी लावली, आणि त्या दुष्काळानंतर बसलेल्या मॅकडॉनेल आयोगाने तिच्यावर टीका केली. उपाशी माणूस कमी खणतो, म्हणून त्याला कमी धान्य, म्हणून तो उद्या आणखी कमी खणतो. मोजमाप अचूक असूनही पद्धत क्रूर असू शकते, याचा यापेक्षा ठळक पुरावा शोधावा लागणार नाही.

याच दुष्काळांच्या धसक्याने गोदावरीच्या खोऱ्यात मोठी पाटबंधारे कामे उभी राहिली. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि इगतपुरी तालुक्यात १९१६ साली पुरे झालेले दारणा धरण ही त्यांतली मुख्य. पाणी बव्हंशी निफाड-कोपरगावच्या बाजूला गेले. सिन्नरच्या पूर्व पट्ट्यातली वावी, पांगरी, नांदूरशिंगोटे ही गावे कोरडीच राहिली. तालुक्याच्या वाट्याला आले ते देवनदीवरचे छोटे दगडी बंधारे आणि त्यांतून निघणारे पाट. ब्रिटिश काळातली ही व्यवस्था पुढे गाळाने आणि दुर्लक्षाने मोडली. लोणारवाडीच्या ‘युवा मित्र’ या संस्थेने अलीकडच्या काळात गावकऱ्यांना हाताशी धरून ती पुन्हा वाहती केली.

दुष्काळी कामांचे सरकारी रूप बदलले, पण मोजण्याचे मूळ दप्तर टिकले. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४ साली, सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले. त्या खात्याची आजही न सुटलेली वही म्हणजे मोजमाप पुस्तिका. अभियंत्यांच्या तोंडी तिचे नाव ‘एमबी’. पानांना क्रमांक असतात आणि नोंद शाईने करायची असते. चुकले तर खोडरबर चालत नाही, रेघ मारून सही करायची. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजतो आणि लिहितो, उपअभियंता त्यातल्या काही नोंदी स्वतः तपासतो, कार्यकारी अभियंता आणखी काही. एमबी भरल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघत नाही. ‘एमबी लिहिली का?’ हा प्रश्न सार्वजनिक बांधकामच्या कचेरीत चहापेक्षा जास्त वेळा विचारला जातो.

या वहीचे खरे मोल १९७२ च्या दुष्काळात सामान्य माणसाला कळले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधी, १९६५ च्या सुमारास, सांगली जिल्ह्यात तासगाव भागात काम मागणाऱ्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळ पडला आणि तो प्रयोग साऱ्या राज्याच्या कामी आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी यांनी माळराने भरून गेली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. योजनेचा बराच पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून येई.

रोजगार हमीच्या कामावर दोन कागद असत आणि त्या दोन कागदांतच सगळी लढाई असे. पहिला कागद मस्टर. कोण आले, किती दिवस आले, याची हजेरी. दुसरा मोजमापाचा, म्हणजे त्या माणसांनी खणले किती. दर असे बसवलेले की साधारण ताकदीच्या माणसाने सात तास काम केले तर त्याला किमान मजुरी सुटावी. मोजणीसाठी खड्ड्यात मधेमधे मातीचे उंचवटे न खणता सोडून देत, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती याची खूण राही. माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक, प्रत्येकाचा दर निराळा. पांगरीच्या माळावर कुदळ आपटून ठिणगी उडते तिथे अभियंत्याने ‘माती’ लिहिले, की आठवडाभराची मजुरी अर्धी होते. म्हणून मजुरांच्या मोर्चांत भाषण कमी आणि ‘आमचं माप नीट घ्या’ ही मागणी जास्त.

उलटा घोटाळाही होताच. मस्टरवर चाळीस नावे आणि खड्ड्यात वीस माणसांचे काम, ही बोगस मस्टरची तक्रार राज्यात ठिकठिकाणी झाली. पण ती पकडता आली, कारण दोन कागद होते. हजेरी खर्च सांगत होती, मोजमाप काम सांगत होते, आणि दोहोंत फट पडली की ती दिसत होती. एकच कागद असता, तर चोरीसुद्धा नियमात बसली असती.

सिन्नरच्या बायकांना हे शिकवायला रोजगार हमीचीही गरज नव्हती. भिकुसा यमासा क्षत्रिय यांच्यासारख्या कारखान्यांमुळे हे गाव बिडीचे गाव म्हणून ओळखले गेले. घरोघरी तेंदूपान आणि तंबाखू वजनाने दिला जाई आणि वळलेल्या बिड्या मोजून परत घेतल्या जात. मजुरी हजारावर. पण हजार कोणते? वळलेले नव्हे, पास झालेले. मालकाच्या माणसाने बाजूला काढलेल्या बिड्या, म्हणजे छाट, मजुरीत धरल्या जात नसत. किती माल नेला, किती बिड्या व्हायला हव्या होत्या आणि किती मान्य झाल्या, हे तीन आकडे बिडीवाल्या बाईला रोज संध्याकाळी पाठ असत.

छाट कोण ठरवणार, यावरून मात्र दीर्घ भांडण झाले. तेव्हाच्या मुंबई राज्याने किमान वेतनाच्या अधिसूचनेत छाटीबद्दलचे नियम घातले. गोंदियाच्या बिडी, पाने आणि तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्यांना आव्हान दिले, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. किमान वेतनाचा कायदा मजुरीचा दर ठरवू शकतो, छाटीचा वाद सोडवू शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा आला, तेव्हा कच्चा माल, छाट आणि छाटलेल्या बिड्यांची मजुरी यांवरचे वाद सोडवायची सोय त्यात मुद्दाम करावी लागली. खर्चनियंत्रणावरच्या जाडजूड पुस्तकांत या कलमाचा उल्लेख सापडणार नाही. पण मोजणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, हे त्या पुस्तकांपेक्षा या वादातून चांगले कळते.

आता समुद्रापलीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी कारखान्यांतले औद्योगिक अभियंते प्रत्यक्ष खर्चाची तुलना ठरलेल्या प्रमाण खर्चाशी करू लागले होते. १९५८ साली तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी कामांचे जाळे आखण्याची ‘पर्ट’ पद्धत काढली, १९६२ मध्ये तिला खर्च जोडला. वायुदलाने मिनिटमन क्षेपणास्त्राच्या कामात झालेल्या कामाचे मोल वेगळे काढायला सुरुवात केली. डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने मोठ्या ठेकेदारांसाठी ३५ निकषांची यादीच जारी केली. पुढे १९९८ साली ती ३२ मार्गदर्शक तत्त्वांच्या राष्ट्रीय मानकात रूपांतरित झाली.

पद्धत समजायला अवघड नाही. समजा, सिन्नर तालुक्यात १० किलोमीटरचा कालवा १० महिन्यांत १० कोटींत करायचा आहे, दर किलोमीटर सारखाच खर्चिक. सहा महिने झाले. योजनेप्रमाणे ६ कोटींचे काम व्हायला हवे होते. खर्च झाला ५ कोटी. एवढेच ऐकले तर मंत्री म्हणतील, १ कोटी वाचले. टेप लावला तर कालवा निघाला ४ किलोमीटर. म्हणजे अर्जित मूल्य ४ कोटी. ५ कोटी घालून ४ कोटींचे काम मिळाले, रुपयाला ८० पैसे. हाच वेग राहिला तर १० कोटींचा कालवा साडेबारा कोटींना पडेल. आणि ६ कोटींच्या जागी ४ कोटींचे काम, म्हणजे वेळेतही एक तृतीयांश मागे. वाचलेला एक कोटी कुठेच नव्हता, तो न झालेल्या कामाचा होता.

या गणिताचा सर्वात बोचरा उपयोग भाकितात आहे. डेव्हिड ख्रिस्तेनसेन या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या शेकडो करारांचा अभ्यास केला. काम वीस टक्के झाल्यावर रुपयाला किती काम मिळते हे जे प्रमाण दिसते, ते पुढे शेवटपर्यंत फारसे सुधारत नाही, असे त्यांना आढळले. सुरुवातीला मागे पडलो तरी नंतर भरून काढू, हे वाक्य तिथल्या ठेकेदारांच्याही आवडीचे होते. आकड्यांनी ते खोटे पाडले.

पण गणित बरोबर असून उपयोग होतोच असे नाही. अमेरिकी नौदलाच्या ए-१२ या गुप्त लढाऊ विमानाचे काम मॅकडोनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स या दोन कंपन्यांकडे होते. खर्च वाढणार, हे अर्जित मूल्याच्या आकड्यांवरून विश्लेषकांनी वेळेत सांगितले होते. १९९० सालच्या चौकशीत ते बाहेर आले. वर बसलेल्यांना मात्र गोड अंदाज हवे होते. ७ जानेवारी १९९१ रोजी संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी प्रकल्पच रद्द केला. हे विमान पुरे करायला अखेर किती पैसा लागेल, हे त्यांना कोणीही खात्रीने सांगू शकत नव्हते. भरपाईचा वाद न्यायालयात २०१४ पर्यंत चालला.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदी ओळखीचा आहे. फक्त इथे विमानाऐवजी कालवे होते. राज्यातल्या सिंचन प्रकल्पाची फाइल एका ठरावीक वाटेने जाते. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, चालू देयके. पैसा संपला की सुधारित प्रशासकीय मान्यता, सरकारी भाषेत सुप्रमा. सुप्रमाच्या प्रस्तावात वाढीची कारणे ठरलेल्या रकान्यांत असतात. दरसूचीतली वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातला बदल, व्याप्तीतला बदल, आधीच्या अंदाजातली अपुरी तरतूद. भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्दला १९८३ मध्ये ३७२ कोटींची मान्यता होती. राजीव गांधींनी १९८८ मध्ये पायाभरणी केली, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि २०१६ च्या सुधारित मान्यतेत आकडा १८ हजार ४९४ कोटींवर पोचला. प्रत्येक रकान्यात काहीतरी खरे कारण असणारच. पण कारणांचे रकाने भरताना ‘तोवर झालेले काम किती रुपयांचे’ हा प्रश्न मागे पडत गेला.

तो प्रश्न नाशिकमधून विचारला गेला. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे ‘मेटा’चे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून सिंचनाच्या कामांतली उधळपट्टी आणि निकृष्ट काम मांडले. त्याच वर्षी राज्याच्या आर्थिक पाहणीतला एक आकडा सगळीकडे गाजला. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये सिंचनावर खर्चून राज्याचे सिंचित क्षेत्र वाढले ते ०.१ टक्का. सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते परत आले. मधल्या काळात, नोव्हेंबरात, सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि तीत सिंचनक्षमतेची वाढ कितीतरी जास्त दाखवली. मग जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला.

०.१ टक्का खरा की श्वेतपत्रिका खरी, यावर तेव्हा खूप शाई खर्च झाली. खरा मुद्दा वेगळा होता. एक बाजू शेतात पोचलेले पाणी मोजत होती, दुसरी बाजू धरणात आणि कालव्यात निर्माण झालेली क्षमता. काम ‘झाले’ कधी म्हणायचे, हेच आधी ठरलेले नव्हते. धरण ९५ टक्के आणि पोटचाऱ्या शून्य, तर रुपयांच्या हिशेबात प्रकल्प बराचसा पुरा होतो, शेतकऱ्याच्या हिशेबात मुळीच नाही. छाटीचा वाद इथे कोटींत पोचला, एवढेच.

आणि मग खुद्द सिन्नर. गुळवंच-मुसळगावच्या माळावर इंडियाबुल्सने विशेष आर्थिक क्षेत्र आणि औष्णिक वीज प्रकल्प आखला. प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉट, मुख्य यंत्रसामग्री भेलची. कंपनीचे नाव पुढे रतनइंडिया झाले. याच समूहाने अमरावतीजवळ नांदगाव पेठला हुबेहूब तसाच, पाच गुणिले २७० मेगावॉटचा प्रकल्प उभारला. तिथे महावितरणबरोबर १,२०० मेगावॉटचा वीजखरेदी करार होता, कोळशाच्या गाड्या आत येत होत्या, आणि तो चालला. सिन्नरला पाचही संच उभे राहिले. पण नाशिकच्या बाजूने यायचा रेल्वेमार्ग भूसंपादनाच्या वादात रखडला आणि विजेला लांब मुदतीचे खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले नाही. सिन्नर थर्मल पॉवर ही कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नंतर ती घेण्यासाठी एनटीपीसी आणि महानिर्मिती एकत्र पुढे आल्या.

अर्जित मूल्याच्या अभ्यासकाला या प्रकल्पाने फार अवघड प्रश्न घातला आहे. रुपयांच्या तराजूत बॉयलर, टर्बाइन, धुराडी, शीतकरण मनोरे यांचे वजन प्रचंड, तीसेक किलोमीटरच्या रुळांचे अगदी किरकोळ. म्हणजे पद्धत काटेकोर पाळली असती तरी तक्त्याने प्रकल्प नव्वद टक्क्यांच्या वर झाल्याचे सांगितले असते, आणि ते गणिताने बरोबर ठरले असते. वीज मात्र विकली जात नव्हती. ज्या कामावाचून बाकी सगळे निकामी ठरते, त्याला किमतीएवढेच वजन देणारा हिशेब फसवा असतो. अमेरिकेतल्या ३५ निकषांत कामाची उतरंड, म्हणजे मोठ्या कामाची लहान भागांत मांडणी, नीट आखण्याचा आग्रह पहिल्यापासून आहे. पण उतरंडीत करार, जमीन आणि रूळ यांना टर्बाइनच्या बरोबरीने बसवायची हिंमत आखणाऱ्यात लागते. ती तक्त्यात येत नाही.

तालुक्यातून गेलेल्या दुसऱ्या मोठ्या कामाची गत बरी झाली. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा सिन्नरमधूनच जातो, आणि तो २६ मे २०२३ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. साधारण ५५ हजार कोटींचा प्रकल्प ६१ हजार कोटींच्या आसपास गेला. मुदतही हुकली, कोविडनेही हुकवली. तरी काम टप्प्याटप्प्याने वापरात आले, कारण कामे वेगवेगळ्या पॅकेजांत वाटलेली होती. अशा करारांत मातीकाम, पूल, मोऱ्या, फरसबंदी यांच्या टप्प्यांना किमतीतला ठरलेला वाटा असतो आणि टप्पा पुरा झाल्याशिवाय त्याचे पैसे मिळत नाहीत. ही जुन्या एमबीचीच वाढलेली आवृत्ती, फक्त तिला वेळापत्रक जोडले आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या वहीत नेमकी तीच उणीव होती. झालेले काम एका वहीत, झालेला खर्च दुसऱ्या, आणि कधी काय व्हायला हवे होते तो तक्ता निविदेच्या फायलीत बांधून ठेवलेला. तिन्ही कागद एका टेबलावर आणण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

दिल्लीतही हीच त्रुटी भरून काढायचा प्रयत्न झाला. १९८५ साली कार्यक्रम अंमलबजावणीचे मंत्रालय निघाले. आता सांख्यिकी मंत्रालय १५० कोटींच्या वरच्या केंद्रीय प्रकल्पांचे अहवाल काढते, त्यांत मूळ खर्च, अपेक्षित खर्च, उशीर हे सगळे असते. ते अहवाल उपयोगी आहेत. पण पैसा गेल्यानंतर आकडा बदलला हे सांगणे आणि वीस टक्क्यांवर असतानाच इशारा देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नाशिकला सिंहस्थ तोंडावर आहे आणि रस्ते, पूल, घाट, जलशुद्धीकरणाची कामे एकाच वेळी निघाली आहेत. नाशिक-पुणे रेल्वेची चर्चा सिन्नरकरांच्या कानांवरून वर्षानुवर्षे जाते आहे. अशा कामाच्या जागी फलक असतो, त्यावर खर्च आणि मुदत असते. झालेल्या कामाचे मोल त्यावर कधीच नसते. ते विचारायची सोय कायद्याने करून ठेवली आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) प्रमाणे नागरिकाला नुसत्या कागदांच्या प्रती नव्हे, तर काम, दस्तऐवज आणि अभिलेख यांची पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने घ्यायचाही अधिकार आहे. मोजमाप पुस्तिका त्यात येते, कामाचा मूळ तक्ताही येतो. गावच्या रस्त्यासाठी, शाळेच्या खोलीसाठी, पाझर तलावाच्या दुरुस्तीसाठी एक अर्ज करा. मोजमाप पुस्तिका, आतापर्यंतची देयके आणि कामाचे वेळापत्रक, हे तिन्ही एकाच अर्जात मागा. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते.